विश्लेषण : १३, ४५ की ४५०? मोबाइल मनोऱ्याच्या ‘रेडिएशन’चा आकडा वाचायचा कसा?

मोबाइलचे मनोरे, उच्चदाब वीजवाहिन्या, एमआरआय यंत्रे आणि सौरवादळे यांच्या बातम्यांत विद्युतचुंबकीय क्षेत्राचे आकडे हमखास येतात. कधी ते टेस्लामध्ये असतात, कधी गॉसमध्ये, कधी व्होल्ट प्रति मीटरमध्ये, तर कधी वॅट प्रति चौरस मीटरमध्ये. आकडा तेवढा लक्षात राहतो आणि त्यापुढचे एकक वाचायचे राहून जाते. एकक बदलले की तोच आकडा धडकी भरवणारा ठरू शकतो किंवा अगदीच किरकोळ वाटू शकतो. त्यामुळे ही एकके नेमकी काय मोजतात, हे समजून घेणे आवश्यक आहे.

एकाच ठिकाणचे आकडे वेगवेगळे कसे?

समजा, एका गृहनिर्माण सोसायटीच्या समोरच्या इमारतीवर मोबाइलचा मनोरा आहे. रहिवाशांनी तीन जणांकडून मोजणी करून घेतली. पहिल्या अहवालात १३ हा आकडा आला, दुसऱ्यात ४५ आणि तिसऱ्यात ४५०. सर्वसाधारण सभेत वाद सुरू होणार, हे उघड आहे. प्रत्यक्षात तिन्ही अहवाल एकच गोष्ट सांगत असू शकतात. १३ हा आकडा व्होल्ट प्रति मीटरमध्ये, ४५ हा मायक्रोवॅट प्रति चौरस सेंटिमीटरमध्ये आणि ४५० हा मिलिवॅट प्रति चौरस मीटरमध्ये आहे. दूरसंचार अभियंते हीच पातळी सुमारे १४२ डेसिबल मायक्रोव्होल्ट प्रति मीटर अशीही लिहितात. सरकारी मर्यादेच्या भाषेत ती होते ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर. क्षेत्र एकच आणि आकडे पाच. यातला कुठलाही आकडा खोटा नाही, मात्र एककाशिवाय त्यांची तुलना करणे निरर्थक आहे.

बल आणि क्षेत्र यांत फरक काय?

बल म्हणजे एखाद्या वस्तूवर पडणारी ओढ किंवा ढकल. ते न्यूटनमध्ये मोजतात. ही ओढ विजेची असो, चुंबकाची असो वा गुरुत्वाकर्षणाची, एकक न्यूटनच. क्षेत्र ही त्याआधीची पायरी आहे. एखाद्या ठिकाणी विद्युतप्रभार किंवा विद्युतधारा वाहणारी तार ठेवली तर तिच्यावर किती बल पडेल, हे क्षेत्राच्या तीव्रतेवरून कळते. तिथे काहीच ठेवले नाही तर बल पडणार नाही, पण क्षेत्र असतेच.

एक कुलोम प्रभारावर एक न्यूटन बल पडत असेल तर तिथले विद्युत क्षेत्र एक न्यूटन प्रति कुलोम असते. यालाच एक व्होल्ट प्रति मीटर म्हणतात. आकाश निरभ्र असतानाही जमिनीलगत सुमारे १०० व्होल्ट प्रति मीटर इतके नैसर्गिक विद्युत क्षेत्र असते. गडगडाटी ढग डोक्यावर आला की ते काही हजारांवर जाते. कोरड्या हवेतून ठिणगी पडण्यासाठी साधारण ३० लाख व्होल्ट प्रति मीटर इतके क्षेत्र लागते.

टेस्ला म्हणजे किती?

एक मीटर लांबीच्या तारेतून एक अँपिअर धारा वाहत आहे आणि ती तार चुंबकीय क्षेत्राशी काटकोनात आहे. तिच्यावर एक न्यूटन बल पडले तर ते क्षेत्र एक टेस्लाचे असते. हे एकक रोजच्या व्यवहारासाठी फार मोठे आहे. पृथ्वीचे चुंबकीय क्षेत्र विषुववृत्ताच्या पट्ट्यात सर्वसाधारणपणे कमी, तर ध्रुवांकडे जास्त असते. जागेनुसार ते २५ ते ६५ मायक्रोटेस्ला भरते. मुंबई-अलिबाग परिसरात ते ४० मायक्रोटेस्लाच्या थोडे वर आहे. मायक्रोटेस्ला म्हणजे टेस्लाचा दहा लाखावा भाग.

घरातल्या तारेतून १० अँपिअर धारा वाहत असेल, तर पृथ्वीच्या या क्षेत्रामुळे तिच्या एक मीटर लांबीवर फार तर तांदळाच्या दोन दाण्यांच्या वजनाएवढे बल पडते. तीच तार एमआरआय यंत्रातल्या दीड टेस्ला क्षेत्रात धरली तर तिच्यावर १५ न्यूटन, म्हणजे साधारण दीड किलो वजनाएवढे बल पडेल.

गॉस हे एकक अजून का टिकून आहे?

जर्मन गणितज्ञ कार्ल फ्रीडरिश गॉस यांनी १८३२ मध्ये पृथ्वीचे चुंबकत्व लांबी, वस्तुमान आणि काळ या तीन मूलभूत एककांत मांडून दाखवले. त्याआधी एका ठिकाणची चुंबकसूची दुसऱ्या ठिकाणी नेऊन तुलना करावी लागे आणि ती सूची वाटेत क्षीण झाली तर सगळे मोजमाप वाया जाई. गॉस यांच्या पद्धतीमुळे कुठल्याही देशातले मोजमाप कुठल्याही देशाशी ताडून पाहता येऊ लागले. पुढे सेंटिमीटर-ग्रॅम-सेकंद पद्धतीतल्या चुंबकीय एककाला त्यांचे नाव मिळाले. ब्रिटिश वेधशाळांचे जुने अहवाल मात्र फूट-ग्रेन-सेकंद या पद्धतीत होते. ते आज वाचताना आधी रूपांतर करावे लागते.

१९६० मध्ये आंतरराष्ट्रीय एकक पद्धती स्वीकारली गेली आणि निकोला टेस्ला यांचे नाव असलेले एकक अधिकृत झाले. एक टेस्ला म्हणजे १० हजार गॉस. तरीही चुंबक विकणारे आणि एमआरआय कक्षाबाहेरच्या पाट्या आजही गॉसमध्येच बोलतात, कारण पृथ्वीचे क्षेत्र त्यात सुमारे अर्धा गॉस असे सुटसुटीत बसते. विक्रेत्यांना आणखी एक सोय होते. ‘०.२ टेस्ला’पेक्षा ‘२००० गॉस’ हा आकडा भारदस्त वाटतो. चुंबकीय पट्टे किंवा गाद्या विकताना छापलेला असा आकडा चुंबकाच्या अगदी पृष्ठभागावरचा असतो. छोट्या चुंबकापासून दोन-तीन सेंटिमीटर दूर जाताच क्षेत्र झपाट्याने कोसळते, हे वेष्टनावर लिहिलेले नसते.

ओर्स्टेड हे याच कुटुंबातले आणखी एक एकक. हवेत गॉस आणि ओर्स्टेड यांचे आकडे सारखेच येतात, लोखंडात मात्र ते वेगळे होतात. बाहेरून लावलेले क्षेत्र आणि पदार्थाच्या आत प्रत्यक्ष तयार झालेले क्षेत्र यांत फरक करण्यासाठी ही दोन एकके वेगळी ठेवली गेली. आजच्या पद्धतीत पहिल्यासाठी अँपिअर प्रति मीटर आणि दुसऱ्यासाठी टेस्ला वापरतात.

अँपिअरची व्याख्या कधी बदलली?

या सगळ्या एककांच्या मुळाशी अँपिअर आहे. १९४८ पासून त्याची व्याख्या बलावर आधारलेली होती. निर्वात जागेत एक मीटर अंतरावर ठेवलेल्या, अमर्याद लांबीच्या दोन समांतर तारांमध्ये दर मीटरला एका न्यूटनच्या एक कोटीव्या भागाच्या दुप्पट बल निर्माण करणारी धारा म्हणजे एक अँपिअर. अमर्याद लांबीची तार प्रयोगशाळेत मिळत नाही. त्यामुळे ही व्याख्या कागदावर नेमकी असली तरी ती प्रत्यक्षात उतरवणे कष्टाचे होते.

२० मे २०१९ पासून नवी व्याख्या लागू झाली. इलेक्ट्रॉनवरील प्रभाराचे परिमाण १.६०२१७६६३४ गुणिले १० चा उणे १९ वा घात कुलोम असे कायमचे ठरवण्यात आले आणि अँपिअर त्यावरून काढला जाऊ लागला. थोडक्यात, आधी तारांमधले बल मोजून धारा ठरत असे, आता प्रभार मोजून ठरते. याचा एक परिणाम असा, की निर्वात जागेचा चुंबकीय स्थिरांक पूर्वी व्याख्येनेच पक्का होता, आता तो प्रयोगातून मोजावा लागतो. फरक इतका सूक्ष्म आहे, की घरातल्या किंवा बाजारातल्या कुठल्याही मीटरवर तो दिसणार नाही.

मुंबईची वेधशाळा अलिबागला का गेली?

एककाच्या दुसऱ्या टोकाला आहे नॅनोटेस्ला, म्हणजे टेस्लाचा अब्जावा भाग. पूर्वी भूचुंबकत्वाचे अभ्यासक याला गॅमा म्हणत. इतक्या सूक्ष्म मोजमापाचे मोल काय असते, हे मुंबईने शतकापूर्वी पाहिले आहे. कुलाबा वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या नोंदी घेतल्या जात होत्या. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला मुंबईतल्या घोड्यांच्या ट्राम विजेवर चालवण्याचे ठरले. विजेच्या ट्रामची धारा रुळांतून आणि काही प्रमाणात जमिनीतून परत जाते. तिचे चुंबकीय क्षेत्र माणसाला जाणवतही नाही, पण नॅनोटेस्ला मोजणाऱ्या उपकरणांसाठी तो मोठा गोंगाट ठरला असता.

वेधशाळेचे पहिले भारतीय संचालक नानाभाई मूस यांच्या देखरेखीखाली अलिबागची जागा निवडण्यात आली. लोखंडाचा अंश नसलेला पोरबंदरी दगड इमारतीसाठी वापरला गेला. १९०४ मध्ये तिथे नोंदी सुरू झाल्या आणि १९०६ पर्यंत दोन्ही ठिकाणी एकाच वेळी मोजणी चालू ठेवण्यात आली. कुलाब्याचे जुने आकडे अलिबागच्या नव्या आकड्यांशी जुळवता यावेत, हा त्यामागचा हेतू होता. १९०७ मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावू लागली, तोवर नोंदींची मालिका सुरक्षित झाली होती. आज नवीन पनवेलच्या भारतीय भूचुंबकत्व संस्थेकडे ही परंपरा आहे.

त्या जुन्या नोंदींचे महत्त्व २००३ मध्ये जगापुढे आले. सप्टेंबर १८५९ च्या सुरुवातीला आलेले सौरवादळ ‘कॅरिंग्टन घटना’ म्हणून ओळखले जाते. त्या वेळी कुलाब्यात पृथ्वीच्या क्षेत्राचा आडवा घटक सुमारे १६०० नॅनोटेस्लाने खाली आल्याचे ब्रूस त्सुरुतानी आणि भारतीय भूचुंबकत्व संस्थेतील शास्त्रज्ञांनी या नोंदींवरून दाखवले. मे २०२४ मध्ये लडाखमधील हानले येथून आकाशात लाल प्रभा दिसली, त्या वादळात जागतिक निर्देशांकातली घसरण ४०० नॅनोटेस्लाच्या आसपास होती. मात्र इथेही एककाइतकेच मोजण्याच्या पद्धतीकडे पाहावे लागते. १६०० हा क्षणिक नोंदीचा आकडा आहे. तासाभराची सरासरी काढली तर तो बराच खाली येतो आणि आजचा निर्देशांक तासाच्या सरासरीवर आधारलेला असतो.

नॅनोटेस्लातले बदल वीजपुरवठा कसा बंद पाडतात?

पृथ्वीच्या एकूण क्षेत्राच्या तुलनेत काहीशे नॅनोटेस्ला म्हणजे जेमतेम एक टक्का. तेवढ्याने माणसाला काही होत नाही. पण क्षेत्र झपाट्याने बदलले की जमिनीत विद्युत क्षेत्र तयार होते आणि ते काही व्होल्ट प्रति किलोमीटर इतके असू शकते. मीटरमध्ये सांगितले तर हा आकडा नगण्य वाटेल. वीजवाहिन्या मात्र शेकडो किलोमीटर लांब असतात आणि त्या लांबीने गुणले की आकडा शेकडो व्होल्टपर्यंत जातो. १३ मार्च १९८९ रोजी कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीजयंत्रणा अशाच वादळात दीड मिनिटात कोलमडली आणि सुमारे ६० लाख लोक जवळपास नऊ तास अंधारात राहिले. म्हणूनच या क्षेत्रातले अभियंते व्होल्ट प्रति किलोमीटर हेच एकक वापरतात.

एमआरआय कक्षात धोका कशाचा असतो?

रुग्णालयांतील बहुतेक एमआरआय यंत्रे दीड किंवा तीन टेस्लाची असतात. दीड टेस्ला म्हणजे मुंबईत जाणवणाऱ्या पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे ३५ हजार पट. एवढ्या क्षेत्रात रुग्ण अर्धा तास पडून राहतो आणि त्याला काही होत नाही. मात्र जानेवारी २०१८ मध्ये मुंबईतील एका रुग्णालयात ऑक्सिजनचा सिलिंडर घेऊन कक्षात गेलेला तरुण सिलिंडरसह यंत्राकडे खेचला गेला आणि त्याचा मृत्यू झाला.

लोखंडी वस्तूवरचे खेचणारे बल केवळ टेस्लाच्या आकड्यावर ठरत नाही. अंतरागणिक क्षेत्र किती वेगाने बदलते, म्हणजे टेस्ला प्रति मीटर, यावर ते मुख्यत्वे अवलंबून असते. यंत्राच्या पोकळीच्या मध्यभागी क्षेत्र सर्वाधिक, पण एकसारखे असते. तोंडाशी ते अगदी थोड्या अंतरात वाढत जाते आणि तिथेच ओढ सर्वात जबर असते. दारात उभ्या माणसाला सिलिंडर हलकासा ओढल्यासारखा वाटेल आणि पुढच्या दोन पावलांत तो हातातून सुटेल. अतिवाहक चुंबक तपासणी चालू नसतानाही, अगदी रात्रीही, कार्यरत असतो. पेसमेकर असलेल्यांनी ओलांडू नये अशी रेषा परंपरेने ५ गॉस, म्हणजे अर्धा मिलिटेस्ला, या पातळीवर आखली जाते.

वीजवाहिनीजवळ दोन वेगळी मोजमापे का?

आपल्याकडील विजेची वारंवारिता ५० हर्ट्झ आहे. तिची तरंगलांबी सहा हजार किलोमीटर भरते. इतक्या लांबीपुढे वाहिनी आणि घर यांतले अंतर काहीच नाही. अशा वेळी विद्युत क्षेत्र आणि चुंबकीय क्षेत्र यांचे एकमेकांशी ठरलेले नाते नसते. वाहिनीत दाब आहे पण धारा नाही, असे असेल तर विद्युत क्षेत्र असेल आणि चुंबकीय क्षेत्र जवळपास नसेल. म्हणून दोन्ही स्वतंत्रपणे मोजावी लागतात. आयनीकरण न करणाऱ्या किरणोत्सर्गापासून संरक्षणासाठीच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने (आयसीएनआयआरपी) २०१० मध्ये ५० हर्ट्झसाठी सर्वसामान्यांकरिता पाच किलोव्होल्ट प्रति मीटर आणि २०० मायक्रोटेस्ला अशा दोन पातळ्या सुचवल्या.

ऑनलाइन मिळणारे स्वस्त मीटर मात्र बहुधा मिलिगॉस दाखवतात. २०० मायक्रोटेस्ला म्हणजे दोन हजार मिलिगॉस. मिक्सरजवळ मीटरवर १०० आकडा दिसला आणि तो मायक्रोटेस्ला समजला, तर चूक दहापटीची होते.

‘एक दशांश’ मर्यादा म्हणजे किती?

मनोऱ्यापासून पुरेशा अंतरावर परिस्थिती वेगळी असते. ९०० मेगाहर्ट्झची तरंगलांबी सुमारे ३३ सेंटिमीटर. तिथे विद्युत आणि चुंबकीय क्षेत्रे ठरलेल्या प्रमाणात एकत्र प्रवास करतात. त्यामुळे एक मोजले की दुसरे काढता येते आणि दर चौरस मीटरमधून जाणारी शक्ती, म्हणजे शक्तिघनताही मिळते. व्होल्ट प्रति मीटरच्या आकड्याचा वर्ग करून ३७७ ने भागले की वॅट प्रति चौरस मीटर मिळतात. १३ चा वर्ग १६९, त्याला ३७७ ने भागले की ०.४५. सोसायटीच्या अहवालांचे कोडे इथे सुटते.

यातला ‘वर्ग’ महत्त्वाचा आहे. भारताने सप्टेंबर २०१२ मध्ये मनोऱ्यांसाठीची मर्यादा आंतरराष्ट्रीय आयोगाच्या पातळीच्या एक दशांशावर आणली. ९०० मेगाहर्ट्झसाठी ती ४.५ वरून ०.४५ वॅट प्रति चौरस मीटर झाली. व्होल्ट प्रति मीटरमध्ये पाहिले तर मात्र ती ४१ वरून १३ झाली, म्हणजे साधारण एक तृतीयांश. ‘दहापट कडक’ आणि ‘तिप्पट कडक’ हे दोन्ही दावे एकाच निर्णयाविषयी करता येतात. या वारंवारितेला शरीरावर होणारा सिद्ध परिणाम ऊती तापण्याचा आहे आणि तापणे शक्तीवर अवलंबून असते. त्यामुळे तुलना शक्तिघनतेत करणे अधिक योग्य ठरते. उलट बाजूने, एखाद्या अहवालात क्षेत्र दुप्पट झाल्याचे दिसले तर शक्ती चौपट झालेली असते.

फोनसाठी मोजमाप आणखी वेगळे आहे. फोन कानाला टेकलेला असतो, त्यामुळे हवेतले क्षेत्र मोजून भागत नाही. डोक्यातील ऊती किती शक्ती शोषून घेतात हे वॅट प्रति किलोग्रॅममध्ये मोजतात. भारतात ही मर्यादा १.६ वॅट प्रति किलोग्रॅम आहे आणि ती एक ग्रॅम ऊतीवरील सरासरी आहे. मनोऱ्याचा आकडा आणि फोनच्या खोक्यावरचा आकडा यांची थेट तुलना त्यामुळे होऊ शकत नाही.

कर्करोगाबाबत काय?

जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २००२ मध्ये विजेच्या वारंवारितेची चुंबकीय क्षेत्रे आणि २०११ मध्ये रेडिओ लहरी ‘२ बी’ गटात, म्हणजे कर्करोगास कदाचित कारणीभूत, अशा टाकल्या. हा गट पुरावा किती भक्कम आहे हे सांगतो, धोका किती मोठा आहे हे नाही. दोन्ही निष्कर्ष वेगवेगळ्या वारंवारितांचे आहेत. त्यामुळे वीजवाहिनीवरील अभ्यासातला मायक्रोटेस्लाचा आकडा मनोऱ्याला लावणे किंवा मनोऱ्याची मर्यादा वीजवाहिनीला लावणे, दोन्ही चुकीचे आहे.

अहवाल हाती आला तर काय पाहावे?

सर्वात आधी एकक पाहावे आणि दोन अहवाल असतील तर ते एकाच एककात आणावेत. मग वारंवारिता कोणती होती, मोजणी कोणत्या जागी आणि मनोऱ्यापासून किती अंतरावर झाली, आकडा क्षणिक आहे की सरासरीचा, हे पाहावे. पूर्ण मोकळ्या जागेत एकाच दिशेने अंतर दुप्पट केले की क्षेत्र निम्मे आणि शक्तिघनता पाव होते. त्यामुळे गच्चीवरचा आकडा तळमजल्याला लागू होत नाही. एका इमारतीवर अनेक कंपन्यांचे अँटेना असतील तर प्रत्येकाचा वेगळा नव्हे, तर त्या-त्या वारंवारितेच्या मर्यादेच्या प्रमाणात सगळ्यांचा एकत्रित हिशेब लागतो. दूरसंचार विभागाने २०१७ मध्ये सुरू केलेल्या ‘तरंग संचार’ संकेतस्थळावर परिसरातील मनोऱ्यांची माहिती मिळते आणि शुल्क भरून मोजणीची मागणीही करता येते. ती मोजणी करणाऱ्याला रहिवाशांनी आकड्याबरोबर एकक, जागा आणि वेळ लेखी द्यायला सांगावे. त्या तीन गोष्टी कागदावर नसतील, तर त्या आकड्यावरून मनोरा सुरक्षित आहे असेही म्हणता येणार नाही आणि धोकादायक आहे असेही नाही.